वडिलांची जनता आणि दोन स्विस जावा

पत्र: "मी रत्नागिरीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वय ४६. पगाराच्या थकबाकीचा हप्ता आलाय आणि आयुष्यात पहिल्यांदाच निव्वळ स्वतःसाठी काहीतरी घ्यावं असं मनात आहे: एक चांगलं मेकॅनिकल घड्याळ. तीन महिने व्हिडिओ बघून दोन नावं उरलीत. टिसॉट पीआरएक्स पॉवरमॅटिक ८०, निळी तबकडी, ४० मिमी. आणि हॅमिल्टन खाकी फील्ड मेकॅनिकल, काळी तबकडी, ३८ मिमी. दोन्ही माझ्या ७० हजारांत बसतात. माझं मनगट साडेसहा इंच. कॉलेजला मोटरसायकलने जातो, पावसातही. वडिलांचं एचएमटी जनता कपाटात आहे, ते गेल्यापासून बंद. ते रोज सकाळी चहाच्या आधी त्याला किल्ली द्यायचे. बायको म्हणते, मोबाइलवर वेळ दिसते की! दुबईतला मेहुणा तिकडून आणून देतो म्हणतो. आता आणखी व्हिडिओ बघवत नाहीत. कोणतं घेऊ ते सांगा."

सर,

आधी वहिनींचं बघू. घरातली बाजू मिटल्याशिवाय बाहेरची खरेदी गोड लागत नाही. त्या बरोबर बोलताहेत. तुम्ही घ्याल त्या दोन्हींपैकी कुठलंही घड्याळ दिवसाला पाच-दहा सेकंद पुढेमागे जाणार. दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यात १० ची चूक म्हणजे साडेआठ हजारांत एक. एखाद्या पोराने प्रयोगवहीत एवढी कमी चूक दाखवली तर आकडे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेत असं तुम्ही म्हणाल. पण हेच घड्याळ रस्त्यावर मिळणाऱ्या ५०० रुपयांच्या बॅटरीवरच्या क्वार्ट्झपुढे रोज हरतं, आणि मोबाइलपुढे तर बोलायलाच नको. तेव्हा अचूकतेवरून घरात वाद घालू नका. मला आवडलंय, एवढंच सांगा. गळ्यातल्या सोन्याला कुणी विचारत नाही की तू करतोस काय.

आता दोन उमेदवार. (दुकानात टिसॉट म्हणतात, तिकडचे लोक शेवटचा ट खातात. मी टिसो लिहिते, तुम्ही दुकानात टिसॉटच म्हणा, नाहीतर सेल्समन दोनदा विचारेल.) दोघींचं रूप इतकं वेगळं की एकीकडे पाहून दुसरी आठवणार नाही, पण नात्याने त्या सख्ख्या जावा आहेत. टिसो १८५३ पासूनची, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावची. हॅमिल्टनचं माहेर अमेरिकेतलं. १८९२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लँकॅस्टरला सुरू झाली, रेल्वेच्या माणसांसाठी खिशातली घड्याळं करून नाव कमावलं, आणि १९४२ मध्ये दुकानात विकायची घड्याळं बंद करून सगळा कारखाना सैन्याच्या कामाला जुंपला. १९७४ मध्ये ती स्विसांच्या घरात आली. आज दोघी स्वॉच ग्रुपच्या एकाच छपराखाली नांदतात आणि दोघींच्या पोटातली यंत्रं त्याच घरच्या एटा या कारखान्यातून येतात. म्हणजे 'कोणाचं मशीन भारी' या प्रश्नावर तुम्ही तीन महिन्यांतला जो काही वेळ घातला असेल तो विसरून जा.

पॉवरमॅटिकच्या नावातले ते ८० तास, म्हणजे एकदा पूर्ण भरल्यावर घड्याळ चालतं तो वेळ, मात्र समजून घ्या, कारण व्हिडिओवाले आकडा ओरडून सांगतात आणि तो आला कुठून ते सांगत नाहीत. एटाचं जुनं, नावाजलेलं २८२४ हे यंत्र तासाला २८,८०० ठोके टाकायचं आणि पूर्ण भरलं की साधारण ३८ तास चालायचं. त्यावरूनच पॉवरमॅटिक ८० बेतलं. ठोके २१,६०० वर आणले. मुख्य स्प्रिंग ज्या गोल डबीत गुंडाळलेली असते तिचा मधला दांडा बारीक केला, त्यामुळे तेवढ्याच जागेत लांब स्प्रिंग मावली. साठा वाढवला, खर्च कमी केला, झाले ८० तास. हॅमिल्टनच्या एच-५० यंत्रातही तेच २१,६०० ठोके आणि तेच ८० तास. शनिवारी दुपारी दोनला कॉलेजातून येऊन काढून ठेवलंत तर मंगळवारी रात्री दहापर्यंत चालायला हवं. बदल्यात गमावलं काय? सेकंदकाटा सेकंदाला आठऐवजी सहा पावलं टाकतो, एवढंच. वडिलांची जनता तासाला १८,००० ठोक्यांची, ती पाच टाकते. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहिलंत तर फरक कळेल. एरवी कळणार नाही, आणि कुणी आपल्याला कळतो असं सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

खरा फरक किल्लीत आहे. पीआरएक्स ऑटोमॅटिक. आत अर्धगोल वजन फिरतं आणि हात हलला की स्प्रिंग आपोआप भरते. तुम्ही उजव्या हाताने फळ्यावर लिहिता आणि घड्याळ डाव्या हातात, तरी काळजी नको. वर्गात येरझारा घालणारा माणूस ऑटोमॅटिकला पुरून उरतो. मागची काच पारदर्शक आहे, वजन फिरताना दिसतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही ते दहा जणांना दाखवाल, त्यानंतर ते तुमच्या मनगटाच्या घामालाच दिसेल. खाकी फील्ड हे किल्लीचं घड्याळ. दोन दिवसांतून एकदा सकाळी क्राऊन, म्हणजे बाजूची किल्ली द्यायची घुंडी, चिमटीत धरायचा आणि फिरवायचा. मागचं झाकण सरळ पोलादी, बघायला काही नाही. विसरलात तर बंद पडणार आणि दोष तुमचा.

तुम्ही पत्रात वडिलांच्या चहाचं एक वाक्य लिहिलंय. पावसाबद्दल एक, मेहुण्याबद्दल एक, तसंच ते एक. मी त्यावर फार भावुक व्हायचं नाही असं ठरवलंय, कारण किल्ली देण्याची हौस बहुतेकांची दहा दिवसांत फिटते. हे मी अनुभवाने सांगते. माझ्याकडे किल्लीची तीन घड्याळं आहेत, हा मजकूर लिहिताना त्यातली दोन बंद आहेत. पण एक चालू आहे आणि ते गेली सहा वर्षं चालू आहे, कारण ते दात घासायच्या ब्रशशेजारी राहतं. सवय लागते ती हौसेमुळे नाही, जागेमुळे. वडिलांचं घड्याळ चहाच्या आधी हातात यायचं, म्हणून चाललं.

आता मनगट. साडेसहा इंच म्हणजे लहानही नाही आणि मोठंही नाही, पण पीआरएक्स ४० हे कागदावरच्या ४० पेक्षा मोठं बसतं. त्याचा स्टीलचा पट्टा वेगळा जोडलेला नसून घड्याळाच्या डबीतूनच पुढे वाहत येतो, आणि पहिला दुवा लगेच खाली वळत नाही. त्यामुळे बारीक मनगटावर दोन्ही बाजूंनी पोलादाचे जरा पंख निघतात. ही घडण १९७० च्या दशकातली. महागड्या स्विस कंपन्यांपैकी ऑडेमार्स पिगेने १९७२ मध्ये रॉयल ओक आणलं, पाटेक फिलिपने १९७६ मध्ये नॉटिलस, दोन्ही जेराल्ड जेंता या डिझायनरच्या हातची. १९७८ मध्ये टिसोने त्याच वाऱ्यात पीआरएक्स काढलं. तेव्हाचं ते क्वार्ट्झ होतं. नावातला पी म्हणजे प्रिसाइज, आर म्हणजे रोबस्ट आणि एक्स हा रोमन दहा, म्हणजे दहा वातावरणांचा पाण्याचा दाब. २०२१ मध्ये ते पुन्हा बाजारात आलं आणि आमच्या क्षेत्रात लग्नातल्या जिलेबीसारखं खपलं. पुढे ३५ मिमीचंही ऑटोमॅटिक आलं. दुकानात गेलात तर ते हातात घालून बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. "३५ म्हणजे लेडीज" असं सेल्समन म्हणेल. वडिलांची जनता मोजा, ती पण साधारण तेवढीच भरेल, आणि वडिलांना कधी कुणी काही म्हटलं नसेल.

खाकीची डबी ३८ ची, जेमतेम साडेनऊ मिमी जाड, शर्टाच्या बाहीखाली सरकते. तबकडीवर मोठे आकडे, आत १३ ते २४ ची बारीक रांग, तारीख नाही. सगळं व्हिएतनामच्या काळातल्या अमेरिकन लष्करी घड्याळांवरून आलेलं. डबी वाळू मारल्यासारखी मंद, चमक नाही, म्हणून ओरखडे पडले तरी ते कळत नाहीत. पीआरएक्सचा पोलादी पृष्ठभाग उभ्या रेघांनी घासलेला आणि कडा पॉलिश केलेल्या. दुकानातल्या दिव्याखाली ती कड अशी लखलखते की माणूस खिशात हात घालतो. बाकावर, खडूच्या डब्यावर, मोटरसायकलच्या हँडलवर घासून पहिला ओरखडा आठवड्यात येईल. मग दोन दिवस वाईट वाटेल, आणि पाचवा आला की वाटायचं थांबेल.

तारखेचं एका ओळीत: मस्टरवर सही करताना तुम्ही तारीख मनगटावर बघता का? बघत असाल तर पीआरएक्स. तीनच्या जागी खिडकी आहे. फक्त रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान किल्लीने तारीख बदलू नका, तेव्हा आतले दाते आधीच गुंतलेले असतात.

चुंबकावर जरा थांबते, कारण तुम्ही भौतिकशास्त्राचे आणि हा विषय तुमच्या टेबलावर रोज पडलेला असतो.

चार वर्षांपूर्वी माझं एक घड्याळ अचानक दिवसाला चार मिनिटं पुढे पळायला लागलं. मी दुरुस्तीला दिलं. दुकानदाराने पूर्ण सर्व्हिसिंग सांगितली, पाच आकडी बिल लावलं, आणि महिन्याने घड्याळ तसंच पुढे. मग एका जुन्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी टेबलावरचं होकायंत्र तबकडीवर धरलं. सुई थरथरायला लागली, आतल्या चाकाच्या तालावर. "बाई, हे चुंबकलंय. टॅबलेटच्या कव्हरवर ठेवता का रात्री?" ठेवत होते. त्यांनी ते चुंबकत्व घालवणाऱ्या एका छोट्या निळ्या पेटीवर धरलं, बटण दाबलं, हात हळूहळू लांब नेला. वीस सेकंद. पैसे घेतले नाहीत.

झालं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार, तरी सांगते. घड्याळाचा ताल धरणाऱ्या, मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चाकाला जी केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते, तिचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगची उपयोगी लांबी घटते, ताठरपणा वाढतो, आवर्तकाल कमी होतो. चाक घाईत झुलतं, घड्याळ पुढे जातं. बारावीच्या वर्गात सरल आवर्त गतीला याहून सरस उदाहरण मला तरी माहीत नाही. याच बारक्या स्प्रिंगच्या मागे एक नोबेलही आहे. स्विस शास्त्रज्ञ शार्ल एद्वार गियोम यांनी निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले जे तापमान बदललं तरी फारसे बदलत नाहीत: लांबी टिकवणारं इन्व्हार आणि ताठरपणा टिकवणारं एलिन्व्हार. एलिन्व्हारच्या हेअरस्प्रिंगने उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ पुढेमागे होणं आटोक्यात आलं. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पुढच्या वर्षीचं आइनस्टाइनना, म्हणून गियोम कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

तर, पीआरएक्स पॉवरमॅटिकमध्ये निव्हाक्रॉनची हेअरस्प्रिंग आहे. टायटॅनियमवर आधारलेला मिश्रधातू, स्वॉच ग्रुपने ऑडेमार्स पिगेसोबत २०१८ मध्ये पुढे आणला, आणि चुंबकाला तो बराच कमी भीक घालतो. पट्टीचुंबक, सोलेनॉइड, विद्युतचुंबक यांच्यात दिवसभर हात घालणाऱ्या माणसासाठी हा पीआरएक्सचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, निळ्या तबकडीपेक्षाही. हॅमिल्टन घ्यायचं झालं तर त्याच्यात कुठल्या धातूची हेअरस्प्रिंग आहे ते बिल करण्याआधी विचारा. उत्तर काहीही आलं तरी चुंबकाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी घड्याळ शर्टाच्या खिशात नको, लांब स्टाफरूमच्या कपाटात. आणि अचानक पुढे पळालं तर सर्व्हिसिंगला पळू नका, आधी प्रयोगशाळेतलं होकायंत्र धरून बघा.

पाऊस. खाकीवर ५० मीटर लिहिलंय, पीआरएक्सवर १००. हे आकडे प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचे. ५० मीटर खोल जाता येतं असा त्याचा अर्थ नाही. पण रत्नागिरीचा आषाढ अंगावर घेऊन मोटरसायकल चालवायला ५० मीटर पुरतात, निदान रबरी गॅस्केट ताजी असेपर्यंत. गोम अशी की दोघींचाही क्राऊन आटे फिरवून बंद होणारा नाही, नुसता आत ढकललेला असतो, आणि किल्लीच्या घड्याळात तो सतत फिरवला गेल्याने तिथलं गॅस्केट आधी झिजतं. म्हणून दोन साध्या सवयी. ओल्या हाताने क्राऊनला हात लावायचा नाही. आणि दर दोनेक वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडावर पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्यायची. काचेच्या आत एकदा जरी धुकं दिसलं तरी तांदळाच्या डब्यात घालून वाट बघत बसू नका. त्याच दिवशी उघडून घ्या. गंज यंत्रात शिरला की बिल घड्याळाच्या निम्म्यावर जातं.

पट्ट्याच्या बाबतीत कोकण दोघींपैकी एकीच्या बाजूने सरळ मत देतं. चामड्याचा पट्टा तुमच्याकडे एका पावसाळ्यात हिरवा होतो, हे तुम्हाला चपलांवरून ठाऊक असेल. खाकीला २० मिमीचा साधा पट्टा लागतो, म्हणजे बाजारात मिळेल तो. नायलॉनचा नाटो पट्टा दोन-चारशे रुपयांत येतो, घामाने वास मारायला लागला की कपड्यांबरोबर धुवायचा, दोन पट्टे आलटून पालटून वापरायचे. पीआरएक्सला तसला कुठलाही पट्टा बसत नाही, त्याचा जोड त्याचा स्वतःचा. मूळचा स्टीलचा पट्टा सुरेखच आहे, पण त्याची पकड फुलपाखरासारखी दोन्हीकडून मिटते आणि तिथे बारीक सैल-घट्ट करायला भोकं नाहीत. दुवा काढा किंवा घाला. एप्रिलच्या दुपारी मनगट सुजतं तेव्हा तो काचतो, जानेवारीत तोच खुळखुळतो. दुव्यांच्या फटीत घाम आणि धूळ बसते, महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात घासावं लागेल. मोठं काम नाही, पण तुम्ही ते कराल का ते वहिनींना विचारा.

सर्व्हिसिंग साधारण पाचेक वर्षांनी येणारच, दोघींनाही. तेव्हा कुरिअरने मोठ्या शहरातल्या अधिकृत केंद्राकडे पाठवायची तयारी ठेवा. तुमच्या गावातले घड्याळजी कितीही हुशार असले तरी पॉवरमॅटिक त्यांच्यापुढे उघडू नका. जनतासारख्या जुन्या यंत्रात एक छोटा काटा असतो, तो जरासा सरकवला की घड्याळ मंद किंवा जलद होतं. पॉवरमॅटिकमध्ये तो काटाच नाही. वेग बॅलन्स चाकावरच जुळवलेला असतो आणि त्याला वेगळं हत्यार लागतं. हुशार माणूस नसलेला काटा शोधत बसला की काय होतं ते मी पाहिलंय.

मेहुण्यांना मनापासून धन्यवाद द्या आणि घड्याळ इथेच घ्या. तिकडून थोडं स्वस्त पडेलही. पण मनगटावर घालून आणलं की कस्टम लागत नाही ही आपल्याकडची लाडकी समजूत खोटी आहे, आणि त्या भरवशावर विमानतळावर खोटं बोलायची वेळ तुमच्यासाठी मेहुण्यांवर येऊ शकते. नात्यात ते बरं नव्हे. शिवाय आंतरराष्ट्रीय वॉरंटीचं कार्ड अधिकृत विक्रेत्याच्या शिक्क्याचं आणि तारखेचं लागतं. इन्स्टाग्रामवर "बॉक्स-पेपर नाही पण ओरिजिनल" म्हणून २५ टक्के कमी सांगणाऱ्यांपासून तर लांबच राहा. रत्नागिरीत दुकान नसेल तर कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईची एक चक्कर मारा. दोन्ही मनगटावर चढवून दुकानाच्या बाहेर उन्हात जाऊन बघू द्या म्हणा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, फार तर एक पोरगा बरोबर देतो.

आता तुम्ही विचारलंय ते. मला विचाराल तर हॅमिल्टन. साडेसहा इंचाच्या मनगटाला ते नीट बसतं, कोकणातल्या घामाला त्याच्या पट्ट्याचं सोपं उत्तर आहे, ओरखड्यांचं दुःख नाही, आणि दहा वर्षांनी ते जुनं दिसणार नाही, कारण ते आजही नवं दिसत नाही. पीआरएक्स जास्त देखणं आहे आणि चुंबकाच्या बाबतीत तुमच्या कामाला जास्त योग्य आहे, हे मान्य करूनच सांगते. ३५ मिमीचं घातल्यावर तुम्हाला आरशात बघून हसू आलं तर माझं ऐकू नका, तेच घ्या.

पण कुठलंही घ्यायच्या आधी एक महिना थांबा. किल्लीचं घड्याळ तुम्हाला झेपतं की नाही हे बघायला ७० हजार खर्चायची गरज नाही. कपाटात जनता पडलेली आहे. जपानच्या सिटिझनशी करार करून एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं सुरू केली. २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं, तरी जनताचं यंत्र जाणणारे हात अजून प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत आणि सुटे भागही मिळतात. सर्व्हिसिंगला हॅमिल्टनच्या नाटो पट्ट्यापेक्षा फार जास्त लागणार नाही. करून घ्या, चहाच्या भांड्याशेजारी ठेवा, महिनाभर रोज सकाळी भरा. वीस-पंचवीस वेळा फिरवल्यावर किल्ली अडते, तिथे थांबायचं, पुढे जोर लावायचा नाही. त्याला पावसात नेऊ नका आणि चुंबकाजवळ तर अजिबात नको, ते हॅमिल्टनहून कितीतरी नाजूक आहे.

महिन्याने तीनपैकी एक झालेलं असेल. पंधराव्या दिवशी ते बंद पडलं आणि तुम्हाला त्यानंतर तिसऱ्या दिवशी कळलं, तर पीआरएक्स घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. रोज चाललं, तर हॅमिल्टनला जा. तिसरी शक्यता अशी की महिन्याभराने तुम्हाला नवं काही घ्यावंसंच वाटणार नाही. तेव्हा थकबाकीचं काय करायचं हे वहिनींना मला न विचारता कळेल.

जनता दुरुस्तीला देताना घड्याळजींना तीन गोष्टी निक्षून सांगा. डबीला पॉलिश नको. काच बदलली तरी चालेल. तबकडी रंगवायची नाही. ती पिवळी पडली असेल, आकड्यांपाशी डाग आले असतील, तरी रंगवायची नाही. मुंबईहून नवी करून आणतो असं ते प्रेमाने म्हणतील, तरीही नाही म्हणा. आणि मागचं झाकण उघडतील तेव्हा समोर उभे राहा, ते हातात मागून घ्या आणि आतली बाजू उजेडाकडे तिरकी धरा. जुने घड्याळजी प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख सुईच्या टोकाने तिथे कोरून ठेवायचे. वडिलांनी ते शेवटचं कधी दुरुस्तीला नेलं होतं, ते बहुधा तिथे वाचता येईल.